अजून, अद्याप आणि ‘येट’

‘द गुड्स डिड नॉट लीव्ह.’ माल गेला नाही. शांघायमधल्या माझ्या मैत्रिणीने एका परदेशी ग्राहकाला पाठवलेले हे उत्तर मला फोनवर दाखवले, तेव्हा त्यात काय बिघडले हे तिला कळून चुकले होते. आता ते माझ्या तोंडून ऐकायचे एवढेच बाकी होते. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर ओळीत खोट काढायला जागा नाही. माल बंदरातून निघाला का, असे ग्राहकाने विचारले होते. माल निघालेला नव्हता, कागदपत्रे व्हायची होती, आणि चार-सहा दिवसांत तो निघणार हे तिच्या लेखी इतके उघड होते की ते वेगळे सांगावे असे तिच्या मनातही आले नाही. ग्राहकाने मात्र त्या ओळीतून भलताच अर्थ काढला : काहीतरी बिनसले आहे, जहाज हुकले आहे आणि ही मंडळी सरळ बोलायला तयार नाहीत. त्याने थेट तिच्या वरिष्ठांना फोन लावला. पुढचे रामायण सांगायला नको.

तिला बोलणी बसली याचे मला वाईट वाटले, पण त्याहून खटकत राहिले ते तिचे स्पष्टीकरण. वाक्यात ‘येट’ हा शब्द यायला हवा, हे तिला लिहितानाच ठाऊक होते. तो नेमका कुठे बसवायचा हे घाईत आठवेना, म्हणून तिने तो गाळला. चुकीच्या जागी घालण्यापेक्षा न घातलेला बरा, ही तिची रीत. परीक्षा देऊन देऊन वाढलेल्या मुलांची ती रीत असते आणि आपल्याकडच्या मुलांनाही ती अपरिचित नाही. गाळलेल्या शब्दाला कोणी लाल शाईने गोल करीत नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही शांघायला राहायला आलो आणि काही महिन्यांतच तिची-माझी ओळख झाली. आमच्यात एक साधा व्यवहार ठरला : एक तास तिने मला चिनी शिकवायचे, एक तास मी तिच्या इंग्रजीकडे पाहायचे. ती मला ‘लाओश’ म्हणते, म्हणजे गुरुजी किंवा बाई, आणि मीही तिला ‘लाओश’च म्हणते. त्यामुळे कॅफेमधल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसांना आमच्यातले नक्की कोण कोणाला शिकवते आहे याचा पत्ता लागत नाही. ती आन्ह्वेइ प्रांतातल्या एका लहान गावातली. चीनमध्ये प्राथमिक शाळेच्या तिसरीपासून इंग्रजी शिकवण्याचे धोरण 2001 साली आले. ती त्याच्या आधीची, म्हणून तिचे इंग्रजी माध्यमिक शाळेत सुरू झाले. पहाटे थंडीत शाळेच्या पटांगणात उभे राहून, तोंडातून वाफ निघत असताना, शेकडो मुलांनी एकाच वेळी वेगवेगळे धडे मोठ्याने वाचायचे, हे त्या इंग्रजीचे तिच्या मनातले पहिले चित्र. पुढे महाविद्यालय प्रवेशाची ‘गाओखाओ’ आली, जिच्यात इंग्रजीला 150 गुण असतात. त्यानंतर 1987 पासून चालत आलेली महाविद्यालयीन इंग्रजीची ‘चौथी पातळी’ आली, जी आता 710 गुणांची आहे. एवढ्या सगळ्या चाळण्यांतून ती नीट बाहेर पडली. कठीण, लांबलचक शब्द तिला येतात. अडते ती ‘येट’पाशी.

याला एक गमतीशीर कारण आहे. चिनी विद्यार्थी ज्या पुस्तिकांतून इंग्रजी शब्द पाठ करतात, त्यांतल्या पुष्कळशा वर्णानुक्रमाने लावलेल्या असतात, आणि त्यांतला अगदी सुरुवातीचा शब्द बहुधा ‘अबँडन’ हा असतो. म्हणजे सोडून देणे. पहिल्याच पानावर ‘सोडून दे’ असे वाचायचे आणि खरोखरच सोडून द्यायचे, हा तिकडच्या विद्यार्थ्यांमधला जुना विनोद आहे. ‘येट’ बिचारा ‘वाय’मधला, पार शेवटच्या पानांवरचा. तिथवर टिकून राहिलेल्याला त्याच्यापुढे काय सापडते? ‘हाय’, म्हणजे अजून. ‘ईजिंग’, म्हणजे आधीच, एव्हाना. आणि ‘रानअर’, म्हणजे तथापि. एका लहानशा शब्दापुढे एकमेकांशी काहीच नाते न सांगणारे तीन अर्थ अर्धविरामांनी जोडून ठेवलेले. पाठ करणारा ते तिन्ही पाठ करतो आणि वापरायची वेळ आली की तिन्हींपैकी एकावरही भरवसा ठेवू शकत नाही.

त्यातला ‘हाय’ हा शब्द मला शिकवताना तिला फारसे कष्ट पडले नाहीत. उच्चार आपल्या उसाशातल्या ‘हाय’सारखाच, फक्त सूर वर चढवायचा. पाहुणा आलेला नसला तर ‘हाय मेइ लाय’, अजून आला नाही. पाहुणा गेलेला नसला तर ‘हाय जाय’, अजून आहे. यातला ‘ज’ आपल्या ‘जरा’मधला. आणि दुकानात आणखी एक वाटी हवी असली तरी ‘हाय’च, अजून एक. हे तिने मला तीन वेगवेगळे उपयोग म्हणून वहीत आकडे घालून लिहून दिले, कारण तिच्या ओळखीच्या बाकीच्या परदेशी लोकांना ते तीन वेगवेगळेच वाटत आले होते. इंग्रजीला तिथे तीन निरनिराळे शब्द लागतात : नकाराला ‘येट’, चालू राहण्याला ‘स्टिल’, वाढीव वाटीला ‘अनदर’ किंवा ‘मोअर’. मी त्या तिन्ही ओळींपुढे एकच शब्द लिहिला.

अजून.

आपल्या भाषेचा ‘अजून’ आणि यांगत्सेच्या मुखाशी बोलला जाणारा ‘हाय’ एकमेकांवर इतके चपखल बसावेत, हे पाहून आम्ही दोघी थोडा वेळ खुळ्यासारख्या हसत राहिलो. या दोन भाषांचे एकमेकींशी नाते नाही, कुळ एक नाही, लिपी एक नाही. तरीही न घडलेली गोष्ट, संपलेली नसलेली गोष्ट आणि आणखी हवी असलेली गोष्ट या तिघींना एकाच खुंटीला टांगावे असे दोघींनाही वाटले. त्या दिवसापासून तिच्या ‘येट’कडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. तिची अडचण अज्ञानाची नव्हतीच. तिच्या भाषेत जे एकसंध आहे त्याचे तीन तुकडे करायचे आणि त्यातला कोणता कुठे ठेवायचा हे लक्षात ठेवायचे, असा तो पेच होता. माझ्या पिढीच्या मराठी माध्यमातल्या मुलांनीही हे तुकडे असेच एकेक करून पाठ केले आहेत.

जागेचा प्रश्न तर अधिकच अवघड. चिनीत ‘हाय’ नकाराच्या आधी येतो, मराठीत ‘अजून’ही सहसा आधीच येतो, आणि इंग्रजी ‘येट’ मात्र बोलण्यात वाक्याच्या अगदी शेवटी जाऊन बसतो. माल गेला नाही, असे सगळे सांगून झाल्यावर, जणू दार ओढून घेताना, तो एक शब्द आत टाकायचा. त्यामुळे तिच्या जुन्या वह्यांत ‘आय येट नॉट फिनिश’ अशी वाक्ये दिसतात आणि ती मला आतून पटतात. शिक्षकांनी त्यांना ‘येट शेवटी’ असा नियम सांगितला होता, पण नियम पाठ असणे आणि लिहिताना हात तिकडे वळणे या दोन गोष्टी वेगळ्या. यावर तोड सापडली ती चिनीतच. ‘हाय मेइ लाय’ हे वाक्य घरात, गप्पांत बोलताना त्याच्या शेवटी बरेचदा एक हलकासा ‘न’ येतो : ‘हाय मेइ लाय न’. आपला नकाराचा ‘न’ नव्हे हा. स्थिती अजून तीच आहे, विषय संपलेला नाही, एवढे सुचवणारा तो एक नाजूक प्रत्यय आहे. तिला मी म्हटले की, लाओश, ‘हाय’ विसरून जा आणि जिथे तुझा ‘न’ येतो तिथे ‘येट’ ठेव. तिने चार वाक्ये पुटपुटून पाहिली, प्रत्येकाच्या शेवटी आधी ‘न’ आणि मग ‘येट’ असे म्हणून पाहिले. युक्ती लागू पडली. प्रश्नांना ती लागू पडत नाही, कारण चिनी प्रश्न वेगळ्या वळणाने जातो. ‘छ ल मेइयौ?’, म्हणजे अगदी शब्दशः आपले ‘जेवलीस की नाही?’. तिथे ‘हाय’ही नाही आणि ‘न’ही नाही. पण निम्मे काम झाले तरी ते कामच.

खरी वाट प्रश्नांनीच अडवली. तिच्या कार्यालयात अहवाल वर पाठवल्यावर चार दिवसांनी विचारणा करावी लागते, आणि नवीन शिकलेला शब्द हौसेने वापरत तिने एक मसुदा तयार केला : ‘हॅव यू रेड माय रिपोर्ट येट?’ जागा बरोबर, काळ बरोबर. अमेरिकन ग्राहकाला ‘डिड यू रीड इट येट’ असेही चालले असते. तरीही हे पत्र वरिष्ठांना पाठवू नकोस, असे मी तिला सांगितले आणि का नको हे समजावताना माझीच दमछाक झाली. ‘येट’ नसता तर तो साधा प्रश्न होता. ‘येट’ आल्यामुळे तो असे म्हणू लागतो की एव्हाना वाचायला हवा होता, मी वाट पाहते आहे, आणि उशीर तुमच्याकडून होतो आहे. ‘अहवाल वाचलात का?’ आणि ‘अजून वाचला नाहीत का?’ यांतले अंतर मराठी माणसाला सांगावे लागत नाही. सासूबाईंना यांतला पहिला प्रश्न विचारता येतो, दुसरा विचारण्याआधी आवंढा गिळावा लागतो. इंग्रजी प्रश्नातला ‘येट’ दर वेळी इतका तिखट नसतो हे खरे. आई मुलाला ‘भूक लागली का एव्हाना’ अशा मायेनेही तो वापरते. पण वरून खाली जाताना जो मायेचा वाटतो, तो खालून वर जाताना तगाद्यासारखा ऐकू येतो. शब्दसूचीत ‘येट’पुढे ‘ईजिंग’ लिहून मोकळे होणाऱ्यांनी हे कुठेतरी नमूद करायला हवे होते.

त्यानंतर मी व्याकरण बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न धरला : इथे कोण वाट पाहते आहे? माल निघाला नाही या वाक्यात ग्राहक वाट पाहतो आहे. ‘नॉट येट’ म्हटले की त्याची वाट पाहणे वाया जाणार नाही, असा शब्द आपण देतो. नुसते ‘नॉट’ म्हटले की दार लागते. कोणीच वाट पाहत नसेल तर ‘येट’ घालायचा नाही. ‘मी सिगारेट ओढत नाही’ यात ‘येट’ घातला तर ऐकणारा दचकेल. हे तिला चटकन कळले. तिने उलट मलाच तिच्या आजीचे उदाहरण दिले. गावी आजी आहे का, असे कोणी विचारले की ती ‘हाय जाय’ म्हणते, म्हणजे आजी अजून आहे, आणि इंग्रजीत तिने एकदा ‘माय ग्रँडमदर इज स्टिल देअर’ असे सांगितले तेव्हा ऐकणाऱ्याने ‘कुठे?’ असे विचारले होते. ‘आजी अजून आहे’ या मराठी वाक्याला ‘कुठे’ असे कोणी विचारणार नाही. चिनीतही नाही. इंग्रजीत ‘अलाइव्ह’ हा शब्द उच्चारावाच लागतो, आणि तो उच्चारला की मृत्यू खोलीत येऊन बसतो, असे ती म्हणाली. मला ते पटले.

वाट पाहण्याची ही गोष्ट मला सर्वांत ठसठशीत दिसली ती शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये. इंग्रजांच्या जमान्यातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचे 1952 साली हे उद्यान झाले. तिथे वर्षानुवर्षे रविवारी एक ‘इंग्रजी कोपरा’ भरत आला आहे, म्हणजे अनोळखी माणसे नुसती इंग्रजी बोलायला जमतात. त्याच उद्यानात शनिवार-रविवारी दुपारी दुसराही एक कोपरा भरतो, उपवर मुलामुलींच्या आईवडिलांचा. झाडांखालच्या वाटेवर दोन्ही बाजूंना उघडलेल्या छत्र्या जमिनीवर टेकवून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक छत्रीवर चिमट्याने एक कागद अडकवलेला असतो : जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर स्वतःचे आहे की नाही, आणि शांघायची रहिवास-नोंद आहे की नाही. मुले स्वतः क्वचितच हजर असतात. आई छत्रीमागे घडीच्या स्टुलावर बसलेली असते, हातात थर्मास, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने कागदापाशी पाय थांबवला की ती पटकन मान वर करते. आपल्याकडची वधू-वर सूचक केंद्रे आणि त्यांतल्या जाड वह्या पाहिलेल्या माणसाला इथे परके वाटायचे कारण नाही. फक्त उन्हात बसण्याची चिकाटी जास्त.

त्या कागदांवर पुन्हापुन्हा दिसणारा शब्द ‘वेइहुन’. शब्दकोशात त्याचा अर्थ अविवाहित असा मिळेल, पण ते भाषांतर ढिले आहे. चिनीत नकार अनेक आहेत. ‘बु’ म्हणजे नाही, करीत नाही, करणार नाही. ‘मेइ’ म्हणजे झाले नाही. आणि ‘वेइ’, जो आज प्रामुख्याने लिखाणात आणि जोडशब्दांत उरला आहे, तो म्हणजे अजून झाले नाही. म्हणून ‘वेइहुन’ म्हणजे लग्न अजून न झालेला. ‘अविवाहित’मधला ‘अ’ नुसता नाही म्हणतो, पुढचे काही बोलत नाही. ‘वेइ’च्या पोटात ‘येट’ दडलेला आहे. लग्न करायचेच नाही असे ठरवलेल्यांसाठी आता ‘बुहुन’ हा शब्द वापरात आहे, पण वैवाहिक स्थितीच्या नेहमीच्या रकान्यात दिसतो तो ‘वेइहुन’च. चाळिशीतला माणूसही तिथे ‘अजून नाही’ अशीच खूण करतो. हाच ‘वेइ’ विधवेसाठीच्या एका जुन्या शब्दातही आहे : ‘वेइवांगरन’, अजून न मेलेली व्यक्ती. विधवा स्वतःचा उल्लेख असा करीत असे. आपल्याकडच्या सोवळ्या विधवांच्या कथा ऐकत वाढलेल्या मला तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा पुढचे काही ऐकू आले नाही. नवरा गेल्यावर बाईच्या उरलेल्या आयुष्याला नुसता ‘येट’ लावून ठेवायचा.

भविष्यकाळालाही चिनीत ‘वेइलाय’ म्हणतात, म्हणजे जे अजून आलेले नाही ते. यातला ‘लाय’ म्हणजे मघाच्या पाहुण्याचेच येणे. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत ‘अनागत’ या शब्दासाठी हा ‘वेइलाय’ योजलेला आढळतो. ‘अनागत’ आपण मराठीतही जपून वापरतो. त्यातले ‘आगत’ आणि चिनी ‘लाय’ दोन्ही येण्याचेच, पण ‘अन्’ने नुसते नाकारले तिथे चिनी भाषांतरकारांनी ‘वेइ’ घालून वाट पाहणे आणले. याचा ‘येट’ शिकवण्याशी थेट संबंध नाही, पण मैत्रिणीला हे सांगितले तेव्हा तिने वहीच्या समासात ‘वेइ’ हे अक्षर काढून त्याच्यापुढे ‘नॉट येट’ असे लिहिले. चिनी माणसाला ‘येट’ समजावून सांगायचा तर शब्दसूचीतल्या त्या तीन अर्थांऐवजी हे एक अक्षर दाखवावे, असे मला तेव्हापासून वाटते.

मुलाखतीचा सराव करतानाची एक गोष्ट इथे सांगायला हवी. तिला दुसऱ्या कंपनीत जायचे होते आणि तिथले प्रश्न इंग्रजीत असणार होते. मी एकेक प्रश्न विचारत गेले. युरोपात गेला आहात का? ‘नॉट येट.’ संघप्रमुख म्हणून काम केले आहे का? ‘नॉट येट.’ तिसरा प्रश्न मी मुद्दाम घातला, कारण असले प्रश्न विचारू नयेत असे मानणारे मुलाखतकार सगळीकडे नसतात : लग्न झाले आहे का? ती म्हणाली, ‘नो.’ मी वहीतून मान वर केली. तिने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि चिनीत म्हणाली, ‘बु श हाय मेइ.’ ‘अजून नाही’ असे नाही ते. तिची आई एका वर्षी आन्ह्वेइहून येऊन त्या उद्यानात छत्री घेऊन बसली होती, हे मला त्या दिवशी कळले. गावाकडच्या प्रत्येक काकू-मामीला ती आजवर ‘हाय मेइ न’ असेच सांगत आली, कारण चिनीत तेवढेच उत्तर विनयाला धरून होते, आणि ‘हाय मेइ’ म्हटले की काकूंचा पुढचा प्रश्न ‘मग केव्हा?’ हा ठरलेला. इंग्रजीत ‘येट’ न घालण्याची सोय तिला प्रथमच मिळाली होती. मालाच्या पत्रात जागा आठवेना म्हणून गळालेला शब्द तिने इथे जाणूनबुजून गाळला होता. मला याचा आनंदही झाला आणि थोडी चुटपुटही लागली, कारण त्या माउलीचा थर्मास आणि घडीचे स्टूल माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हते.

‘येट’चे आणखी काही संसार आहेत. ‘तथापि’वाल्या अर्थाला तिची काही हरकत नव्हती. परीक्षेतल्या निबंधांत ‘सिंपल येट एलिगंट’ अशी जोडी टाकून गुण मिळवायला त्यांना शिकवलेलेच असते. ‘ऑलदो’ आला की पाठोपाठ ‘बट’ घालण्याची सवय मात्र अजून सुटलेली नाही. चिनीत ‘स्वेइरान’ला ‘दानश’ची जोड लागते, जशी आपल्या ‘जरी’ला ‘तरी’ची. जोडीतला एक मोडून टाकणे तिलाही जिवावर येते आणि मलाही. ‘हॅव येट टु’ने मात्र ती चिडली. ‘आय हॅव येट टु मीट हिम’ म्हणजे मी त्याला अजून भेटलेले नाही, असे सांगितल्यावर तिने वाक्यात ‘नॉट’ शोधला, तो सापडला नाही, आणि मग तो घालायची परवानगी मागितली. ही रचना बोलण्यापेक्षा लिखाणात जास्त शोभते, म्हणून मी तिला त्यांच्या लेखी भाषेतल्या ‘शांगवेइ’ची आठवण करून दिली. सरकारी पत्रांत, सूचनाफलकांवर ‘हाय मेइ’ऐवजी तो येतो. आपल्याकडे शेजारीण ‘पाणी अजून आलं नाही’ म्हणते आणि पालिकेची सूचना ‘पाणीपुरवठा अद्याप सुरळीत झालेला नाही’ असे म्हणते. वाट दोन्हीकडे त्याच नळाची पाहायची असते. ‘अद्याप’ने कपडे तेवढे इस्त्रीचे घातलेले असतात.

सगळ्यांत कमी वेळात तिला जमला तो ‘येट अनदर’. त्यात ‘हाय’ नाही, त्यात ‘यौ’ आहे. ‘यौ’ म्हणजे पुन्हा, पण झालेल्या गोष्टीबद्दलचे, बहुधा वैतागाचे पुन्हा. पुढे करायच्या गोष्टीसाठी चिनीत वेगळा शब्द आहे. नवीन नोकरीत सकाळ बैठकांतच जाते. पहिल्या आठवड्यात तिने मला ‘येट अनदर मीटिंग’ असा संदेश पाठवला तेव्हा मी जागा, अर्थ आणि सूर या तिन्ही अंगांनी तो तपासला आणि त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. तिने उलट विचारले की इथे ‘येट’ मधेच कसा चालला, शेवटी का नाही गेला. मी उत्तर टाइप करीतच होते, तोवर तिची पुढची बैठक सुरू झाली.